सीतेची वेणी आणि आमचा संग्रह

छंद ही एक निरुपद्रवी वस्तू आहे, असा आपणां सर्वांचा समज असतो. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी, कोणी देवदेवतांच्या तसबिरी. त्यात कोणाचे काय बिघडले, असे आपण म्हणतो व पुढे जातो. आमचाही छंद तसाच आहे असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. आम्ही ऑर्किडे जमवितो. मराठी विश्वकोशकारांनी या वनस्पतींच्या कुलास आमर कुल असे सुटसुटीत नाव दिले आहे. परंतु बाजारात आणि बागेत ऑर्किड हाच शब्द रुळला असल्याने आम्हीही तोच वापरतो. बेळगावातील आमच्या घराच्या गच्चीवर आज साठ-सत्तर कुंड्या व टांगत्या परड्या आहेत. घरी येणारे पाहुणे त्या पाहून कौतुक करतात, आणि जाताना बहुतेक एकच प्रश्न विचारतात : "आपल्या घाटातली सीतेची वेणी दिसत नाही ती यात?"

ती नाही. ती का नाही, हे पाहुण्यांना जिन्याच्या पायरीवर उभ्याउभ्या सांगता येत नाही, म्हणून येथे लिहीत आहो.

आमचे बालपण निपाणीस गेले. वडील तंबाखूच्या एका वखारीत कारकून होते. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. रस्त्यात, घरात, अंथरुणा-पांघरुणात तोच उग्र वास. आईचे माहेर सावंतवाडीकडचे. घरात ती आमच्याशी कोंकणीत बोले आणि शेजारणींशी मराठीत. दरवर्षी मे महिन्यात आजोळी जावयाचे आणि शाळा उघडण्याच्या सुमारास घाट चढून, आजरा, गडहिंग्लज करीत एस.टी.ने परत यावयाचे, हा आमचा ठरलेला क्रम. १९६६ सालच्या जूनमध्ये असेच परत येत असता घाट चढून आलेल्या गाडीचे पाणी तापले आणि आंबोलीच्या पुढे ती थांबली. नुकत्याच दोन-तीन सरी पडून गेल्या होत्या. उतारू खाली उतरले. रस्त्याच्या कडेला एक जुना आंबा होता आणि त्याच्या हातभर उंचीवरच्या फांदीवरून वीतभर लांबीचे, गुलाबी ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांनी गच्च भरलेले पाच-सहा झुबके लोंबत होते. जणू कोणी नुकत्याच गुंफलेल्या वेण्या वाळत घातल्या असाव्यात.

बारा वर्षांच्या मुलाने काय करावे? आम्ही फांदीवर चढलो. नुसते फूल खुडून आमचे समाधान होणार नव्हते. ते झाड घरी नेऊन दरवर्षी फुलवावे, असा आमचा बेत. त्याची मुळे करंगळीएवढी जाड, पांढुरकी, सालीला घट्ट चिकटलेली. ती ओढून काढताना चर्र असा आवाज झाला, तो आम्हांस आजही आठवतो. अर्धी मुळे फांदीवरच राहिली.

गाडीत आमच्या मांडीवरच्या त्या ठेव्याची मोठी वाखाणणी झाली. आजऱ्यास उतरणाऱ्या एका म्हातारीने सांगितले, "ही सीतेची वेणी. वनवासात सीतामाईनं हीच माळली होती." मागच्या बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले की, त्यांच्या गावी हिला द्रौपदीची वेणी म्हणतात. त्यावर आई हळूच म्हणाली, द्रौपदीने तर केस मोकळे ठेवण्याची प्रतिज्ञा केली होती, तेव्हा ही वेणी सीतेचीच असली पाहिजे. सर्व गाडी हसली. मात्र घरी आल्यावर आईने त्या फुलांकडे एकवार पाहिले आणि म्हटले, "तें झाडारच सोबता. ताका हांगा कित्याक हाडलें?"

आम्ही रॉकेलच्या रिकाम्या डब्यात काळी माती व शेणखत भरले, त्यात ते रोप खोल पुरले आणि सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या पाणी घातले. महिन्याभरात मुळे काळी पडून कुजली. मग पाने पिवळी झाली. नवरात्र येईतो डब्यात एक वाळका दांडा तेवढा उरला. आईने तो काही न बोलता उचलून तुळशीच्या मुळाशी ठेवला. ती रागावली असती तर आम्ही ते विसरूनही गेलो असतो.

आम्ही काय चुकलो, हे कळावयास पुढे वीस वर्षे लागली. खेड्यापाड्यांतून लोक झाडावर वाढणाऱ्या प्रत्येक वस्तूस बांडगूळ म्हणतात, आणि आम्हीही तसेच समजत होतो. वास्तविक बांडगूळ आपले मूळ झाडाच्या लाकडात घुसवून त्याचा रस शोषते. ऑर्किड तसे करीत नाही. ते फांदीवर केवळ बसते. आपल्या घरी मुक्कामास येऊन स्वतःची शिधासामग्री बरोबर आणणाऱ्या पाहुण्यासारखे त्याचे वर्तन असते. त्याच्या उघड्या मुळांवर स्पंजासारखे एक पांढरे आवरण असते. पाऊस पडला, दव पडले, धुके आले की ते आवरण पाणी टिपून घेते आणि मग वाऱ्याने कोरडे होते. सालीवर साठलेला पालापाचोळा, धूळ व पक्ष्यांची विष्ठा यांतून त्याचे पोषण होते. अशा मुळाला मातीत पुरून रोज पाणी घालणे म्हणजे जिवंत माणसाचे नाक दाबण्यासारखेच. शिवाय आंबोली म्हणजे वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारे, पावसाळाभर धुक्यात बुडालेले ठिकाण. आणि निपाणी पूर्वेकडची, मोकळ्या माळाची, कोरड्या वाऱ्याची. अंतर एका दिवसाच्या प्रवासाचेही नाही, परंतु ऑर्किडाच्या दृष्टीने तो दुसरा मुलूखच.

त्याहूनही एक मोठी गोष्ट आम्हांस मागाहून कळली. ऑर्किडाच्या एका बोंडात लक्षावधी बिया असू शकतात. त्या धुळीसारख्या बारीक असतात आणि वाऱ्यावर दूरवर जातात. परंतु भाताच्या वा हरभऱ्याच्या दाण्यात कोंबाकरिता जसा शिधा बांधलेला असतो, तसा त्यांत काहीच नसतो. सालीवर एक विशिष्ट बुरशी असेल आणि ती त्या बीला पोसावयास तयार होईल, तरच बी रुजते. फ्रान्समधील नोएल बर्नार यांनी हे रहस्य १८९९ साली उलगडले. अशी रुजलेली बी पहिले फूल दाखवावयास कित्येक वर्षे घेते. म्हणजे लक्षावधींतून एखादी बी रुजावी, तिने वर्षानुवर्षे ऊन-पाऊस सोसावा आणि ती फुलू लागली की एखाद्या शाळकरी पोराने चर्र करून ओढून काढावी, असा हा व्यवहार.

ज्या १९६६ साली आमच्या हातून हे घडले, त्याच वर्षी फादर सांतापाव व कापडिया यांचा मुंबई इलाख्यातील ऑर्किडांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, हे पुढे वाचनात आले तेव्हा आम्हांस मोठी गंमत वाटली. एकीकडे ते विद्वान एकेका फुलाचे वर्णन लिहीत होते आणि दुसरीकडे आम्ही आमच्या परीने त्यांतले एक कमी करीत होतो.

आता आपल्या या घाटमाथ्यावर आहे तरी काय, ते सांगतो. बेळगावहून पश्चिमेस निघाले की दोन-अडीच तासांच्या आत आपण सह्याद्रीच्या कड्यावर पोहोचतो. शिनोळीवरून गेलेला रस्ता आंबोलीस नेतो. जांबोटीवरून गेलेला मलप्रभेच्या उगमाशी कणकुंबीस आणि पुढे चोर्ल्यास. खानापुरावरून गेलेला लोंढ्यास व अनमोडास. या तिन्ही रस्त्यांच्या आसपासची राने ऑर्किडांची माहेरघरे आहेत. भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या यादीत भारतातील ऑर्किडांच्या १,२५६ जाती नोंदल्या असून त्यांपैकी ३८८ जगात अन्यत्र कोठेही सापडत नाहीत. अशा एकदेशी जातींचा मोठा वाटा सह्याद्रीकडे आहे.

वर्षाच्या आरंभी, रान कोरडे पडू लागले की डेंड्रोबियम बार्बाट्युलम फुलते. त्या वेळी त्याला एकही पान नसते. बोटभर उंचीच्या उघड्या दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस येतात, आणि दुरून पाहणाऱ्यास वाटते की, वाळक्या फांदीवर बगळ्यांची पिले बसली आहेत. वैशाखापासून एरिडीसाच्या जाती फुलू लागतात. त्यांतील मॅक्युलोजम ही जात गुलाबी व ठिपकेदार, क्रिस्पम ही तिच्याहून दांडगी, दोहोंनाही सुगंध. मृगाच्या आगेमागे सीतेची वेणी. तिचे शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा. कर्नाटकाच्या मलनाडात हिला सीताळे दंडे म्हणतात, म्हणजे तेथेही सीता आलीच; आणि आसामात हीच कपौ फूल होऊन बिहू नाचणाऱ्या मुलींच्या अंबाड्यावर चढते. आसामने तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे.

पावसाळा लागला की जमिनीवरची मंडळी जागी होतात. हॅबेनारियाच्या जाती सड्यावर व गवतात कंदातून वर येतात. पेक्टेलिस जायगँटिया हे त्यांतले राजस फूल. पांढरेशुभ्र, हाताच्या पंज्याएवढे, मागे लांब शेपटी असलेले, आणि रात्री सुगंधणारे. त्या लांब शेपटीच्या तळाशी मध असतो आणि लांब सोंडेच्या पतंगाखेरीज तो कोणासही मिळत नाही. मादागास्करातील अशाच एका ऑर्किडाची फूटभर शेपटी पाहून डार्विनने १८६२ साली सांगितले होते की, तेवढीच लांब सोंड असलेला पतंग तेथे असलाच पाहिजे. तो पतंग डार्विनच्या मृत्यूनंतर, १९०३ साली शास्त्रज्ञांनी नोंदविला.

मोठ्यांविषयी सारेच बोलतात. आम्हांस लहानांचे अधिक प्रेम आहे. पोरपॅक्स रेटिक्युलाटा ही जात ओल्या सालीवर चपट्या बटणांसारखी चिकटलेली असते. प्रत्येक बटणावर जाळीदार रेघा आणि मधोमध मुगाच्या शेंगेएवढेही नसलेले लालसर फूल. ओबेरोनियाच्या तुऱ्यातील फूल पाहावयास भिंगच लागते. कॉटोनिया पेडंक्युलॅरिसच्या फुलाची पाकळी हुबेहूब एखाद्या किड्यासारखी दिसते. स्मिथसोनिया नावाच्या चिमुकल्या ऑर्किडांचे वेगळे कुटुंब आहे, हे तर फादर साल्दान्हा यांनी १९७४ साली ओळखले. आपल्या दाराशी असलेल्या रानाची मोजदाद अद्याप चालू आहे, एवढाच याचा अर्थ.

ही मोजदाद आरंभली कोणी, याचा शोध घेताना आम्हांस एक आनंदाचा धक्का बसला, आणि या मासिकाच्या वाचकांनाही तो बसावा. डच मलबारचे गव्हर्नर व्हान ऱ्हीडे यांनी 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याची माहिती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते आणि त्यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे कोचीनचे तीन कोंकणी ब्राह्मणही होते. १६७५ साली त्यांनी दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोंकणी भाषेत छापलेले आहे. याच ग्रंथाच्या शेवटच्या खंडात झाडांवर वाढणाऱ्या ऑर्किडांची चित्रे आहेत, आणि त्यांत आपली सीतेची वेणी मल्याळी नावाने विराजमान आहे. पुढे १७५३ साली लिनीयसने तिला लॅटिन नाव दिले ते याच चित्राच्या आधारे. म्हणजे ही वेणी जगाच्या शास्त्रात गेली ती ज्या ग्रंथाच्या द्वारे, त्या ग्रंथाला आपल्या कोंकणी पंडितांचा हातभार लागलेला होता. आणि त्यांनी ती कोठल्याही फांदीवरून ओरबाडून विकली नव्हती. तिची ओळख तेवढी करून दिली होती.

बेळगावचा भाग पुढच्या काळात येतो. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात येथे नेमणुकीवर असलेले रिची नावाचे डॉक्टर आणि लॉ नावाचे मुलकी अधिकारी फावल्या वेळात घाटात हिंडून वनस्पती गोळा करीत. डेंड्रोबियम लॉविॲनम या ऑर्किडाच्या नावात त्या लॉ साहेबांचे नाव राहिले आहे. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची प्रसिद्ध केली. तिची पाने चाळताना 'बेळगाव, रिची' अशी नोंद पुन:पुन्हा दृष्टीस पडते. एक वाळविलेली फांदी, एक कागद, एक नोंद. तेवढ्यावर त्या लोकांचे काम भागत असे.

परंतु इंग्लंडातील श्रीमंतांचे तेवढ्यावर भागेना. तेथे ऑर्किडांचे वेड लागले होते आणि जिवंत झाडे हवी होती. जोसेफ हूकर यांनी १८५० साली खासी टेकड्यांत निळ्या वांडाची सात माणसांच्या ओझ्याइतकी रोपे लंडनच्या क्यू बागेसाठी गोळा केली, आणि त्यांतली फारच थोडी जिवंत पोहोचली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ते वाचताना आमचा रॉकेलचा डबा आमच्या डोळ्यांपुढे आला. सात ओझी आणि एक डबा यांत फरक केवळ मापाचा होता.

मग संग्रह करणाऱ्याने करावे काय? त्याचे उत्तर संकरित ऑर्किडांनी दिले आहे. १८५६ साली इंग्लंडात एक्झेटर येथील व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी या माळ्याने केलेला ऑर्किडांचा पहिला संकर फुलला. तो कॅलँथीच्या दोन जातींचा होता. तेव्हापासून आजवर झालेल्या नोंदणीकृत संकरांची संख्या लाखाच्या कितीतरी पुढे गेली आहे. निसर्गातील जाती मात्र सुमारे २८,००० आहेत. सँडर नावाच्या ज्या पेढीने एकेकाळी जगभर माणसे पाठवून रानांतून ऑर्किडे आणविली, त्याच पेढीने १९०६ साली संकरांची यादी छापावयास आरंभ केला, आणि १९६१ पासून ते काम लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी करीत आहे. ती नोंदवही म्हणजे आपल्याकडील उपाध्यांच्या वंशावळीच्या चोपड्याच. प्रत्येक संकराचे आईबाप तेथे लिहिलेले असतात, आणि विशेष हे की आईचे नाव आधी. आपल्या सीतेच्या वेणीच्या गणातील फुलांचा वांडाशी संबंध घडवून झालेल्या संततीचेही तेथे स्वतंत्र घराणे आहे. सिंगापूरचे राष्ट्रीय फूल, १८९३ साली प्रसिद्धीस आलेले मिस जोकिम, हेदेखील दोन जातींचे अपत्यच होय.

हा विस्तार शक्य झाला तो दोन शोधांमुळे. लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२२ साली दाखवून दिले की, साखर घातलेल्या खळीवर ऑर्किडाची बी बुरशीवाचूनही रुजते. पुढे १९६० साली फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी एका कोंबाच्या टोकापासून अनेक एकसारखी रोपे करण्याची युक्ती काढली. पूर्वी जे राजेरजवाड्यांसच परवडे, ते त्यामुळे आमच्यासारख्या पेन्शनरासही परवडू लागले. लग्नमंडपात व गणेशोत्सवाच्या आराशीत जी जांभळी-पांढरी फुले आज सर्रास दिसतात, ती अशीच संकरित डेंड्रोबियमे.

आमचे पहिले संकरित रोप आम्ही १९८८ साली पुण्याहून आणले, तेही असेच एक जांभळे-पांढरे डेंड्रोबियम. ते फुलले आणि त्याची फुले जवळजवळ दोन महिने टिकली. त्यानंतर फुलपाखरासारखी पसरट फुले देणारी फॅलेनॉप्सिसे आली, मोठ्या ओठाची कॅटलिया आली, सोनेरी पिवळ्या झालरीचे ऑन्सिडियम आले. नवशिक्यांसाठी आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगून ठेवतो. माती कदापि घालू नये. कोळशाचे व विटेचे तुकडे आणि नारळाची सोडणे पुरेत. पाणी सकाळी घालावे, म्हणजे रात्रीपर्यंत मुळे कोरडी होतात. दुपारचे ऊन जाळीने अडवावे, वारा मात्र अडवू नये. बेळगावची हवा या झाडांना मानवते. निपाणीस थोडी अधिक देखभाल लागेल. आणि रोप विकत घेताना ते रोपवाटिकेतले आहे की रानातून आणलेले, हे विचारावे. रानातल्या रोपाची मुळे तुटलेली आणि पाने किडींनी खाल्लेली असतात. डोळसाला ते कळते. निळा व तांबडा वांडा आणि पॅफिओपेडिलम यांना आपल्या वन्यजीव कायद्याने १९९१ पासून संरक्षण दिले आहे. भीमगड हे २०११ सालापासून अभयारण्य झाले आहे आणि तेथून काहीही उचलून आणण्यास मनाई आहे. परंतु कायदा नसता तरी आम्ही हेच सांगितले असते.

येथवर वाचून कोणास वाटेल की, आमचे प्रायश्चित्त झाले. आम्हांसही तसेच वाटत होते. आता दुसरी गोष्ट सांगतो. ती अलीकडची आहे आणि सांगावयास अधिक जड आहे.

आजोळच्या गावी सातेरीचे जुने देऊळ आहे. देवळाच्या मागे राई. कोंकणात व गोव्यात अशा देवाच्या राया गावोगाव आहेत. गोव्यात त्यांना देवराण म्हणतात. त्यांतली काटकीही मोडावयाची नाही असा पूर्वीचा दंडक होता. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७६ साली सह्याद्रीतील देवरायांवर निबंध प्रसिद्ध करून विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले. ऑर्किडाला हवे असते ते सर्व अशा राईत असते : शेकडो वर्षांची खडबडीत साल, सावली, ओलावा, आणि कोणी कुऱ्हाड लावणार नाही अशी हमी.

काही वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार निघाला. सभामंडप वाढवावयाचा, पुढे मोटारी उभ्या करण्यास फरशी घालावयाची. समितीत आम्हीही होतो. मागच्या बाजूचा एक प्रचंड आंबा मंडपाच्या आड येत होता. आम्ही रीतीप्रमाणे देवीला कौल लावला. उजवा कौल झाला. सर्वांस आनंद झाला. परंतु आम्ही देवीला विचारले होते ते एवढेच की, मंडप वाढवावा का. झाड तोडावे का, हे कोणी विचारलेच नाही. आम्हीही नाही. आम्ही, ज्यांच्या गच्चीवर साठ कुंड्या, आम्ही त्या बैठकीत मान डोलावून सही केली. वर पाहण्याचे आमच्या मनातही आले नाही.

आंबा पडला त्या दिवशी आम्ही गावी होतो. पडलेल्या फांद्यांवर, आजवर जेथे कोणाची दृष्टी पोहोचली नव्हती तेथे, सीतेच्या वेणीचे अकरा गड्डे निघाले. एक सिंबिडियम दोन फांद्यांच्या बेचक्यात घमेल्याएवढे वाढलेले होते. सालीवर पोरपॅक्साची बटणे तर मोजण्यापलीकडची. गुरव जवळ उभे होते. ते म्हणाले, "दरवर्षी मिरगाला खाली पाकळ्या पडायच्या. आम्ही झाडून टाकायचो. वर काय आहे कोणी बघितलं!"

आम्ही, गुरव आणि गावातली चार शाळकरी मुले दोन दिवस त्या फांद्यांपाशी बसलो. या वेळी मुळे ओढली नाहीत. सालीसकट कापून घेतली आणि राईतल्या उरलेल्या झाडांवर, ज्या दिशेला व जेवढ्या सावलीत ती पूर्वी होती तशाच जागी, सुंभाने बांधली. मुलांना सर्व सांगितले : बांडगूळ आणि हे यांतला फरक, बुरशी, धुळीसारखी बी. त्यांतल्या एकाने विचारले, "मग आजोबा, झाड तोडलं कशाला?" आम्ही उत्तर दिले नाही. देण्याजोगे नव्हते.

अकरांपैकी चार गड्डे जगले. सिंबिडियम जगले नाही. पोरपॅक्स त्या सालीबरोबरच वाळून गेले. तिसऱ्या वर्षी ज्येष्ठात गुरवांचा निरोप आला की, मागच्या जांभळीवर एक वेणी लागली आहे. देवीला वाहण्यासाठी काढू का? आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. पूर्वीच्या वेण्यांच्या मानाने ती लहानच होती, वीतभरही नाही. मोह आम्हांसही झाला. देवीच्याच राईतले फूल देवीला, यात वावगे ते काय? खाली पाकळ्या पडू लागल्या म्हणजे त्या वेचून देवीच्या पायांशी ठेवाव्या आणि वेणी झाडावर राहू द्यावी, असे शेवटी आम्ही दोघांनी ठरविले. बोंड धरले तर बी सुटेल. त्यातली एखादी रुजली तर रुजेल. ती फुललेली पाहावयास आम्ही असू असे नाही.

देवळांचे जीर्णोद्धार आज सर्वत्र चालू आहेत आणि ते व्हावयास हवेत. पडके देऊळ कोणास आवडते? वाचकांपैकी कित्येकजण अशा समित्यांत असतील. त्यांच्याजवळ आमचे मागणे थोडेच आहे. देवळामागच्या झाडावर खूण करण्यापूर्वी एखाद्या माहीतगारास घेऊन ज्येष्ठ-आषाढात एकदा त्याच्या फांद्या पाहाव्यात. मंडप पाच हात अलीकडे सरकत असेल तर सरकवावा. आणि कौल लावावयाचाच असेल तर झाडाचाही लावावा.

गच्चीवरच्या कुंड्या आम्ही अजूनही सांभाळतो. त्यांत आमचा जीव आहे. सीतेच्या वेणीची मात्र तेथे एक रिकामी परडी आम्ही मुद्दाम टांगून ठेवली आहे. कोणी विचारले तर जून महिन्यात त्यांना आमच्याबरोबर घाटात घेऊन जातो आणि खाली उभे राहून वर दाखवितो. आईचे वाक्यही त्यांना सांगतो. ज्यांना कोंकणी येत नाही, त्यांनाही ते कळते.